वाहिनीची रेघ

शाळेत वनस्पतींची जी वर्गीकरणे शिकवली जातात त्यांत वाहिनीवंत आणि वाहिनीहीन ही विभागणी मला सर्वांत देखणी वाटते. फुलांवरून, बियांवरून, पानांच्या मांडणीवरून केलेल्या विभागण्या पुष्कळ आहेत आणि त्या उपयोगीही आहेत, पण बहुतेक ओळख पटवून थांबतात. ही मात्र एकच प्रश्न विचारते: पायाशी असलेले पाणी शेंड्यापर्यंत पोचते कसे? त्याचे उत्तर हाती आले की झाडाची उंची कळते, पानाची जाडी कळते, मूळ का आहे किंवा का नाही ते कळते, उन्हाळ्यात झाड काय करते तेही कळते. एका प्रश्नाने इतके उलगडत असेल तर तो प्रश्न नुसता पाठ करून सोडण्यासारखा नाही. तो कवितेसारखा सावकाश, ओळीओळीने वाचला पाहिजे.

वाचायला जागा लागते, आणि माझ्या मते शिरगावइतकी चांगली जागा क्वचित मिळेल. पालघरपासून पश्चिमेला काही किलोमीटरवर, सातपाटी आणि माहीम यांच्या मधल्या किनाऱ्यावर हे गाव आहे. गावात पोर्तुगीज काळातला किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी 1739 मध्ये, माहीम, तारापूर या ठाण्यांबरोबर तो मराठ्यांकडे आला आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. किल्ला लहान आहे. अर्ध्या तासात फिरून होतो, म्हणून लोक अर्ध्या तासात फिरून निघूनही जातात. पण दगड आणि चुन्याची जुनी भिंत, तिच्यावर चार महिन्यांचा पाऊस, बाजूला ताडांच्या रांगा आणि पलीकडे समुद्राकाठचे सुरूचे बन, एवढ्या टापूत वनस्पतिसृष्टीचा जवळजवळ सगळा इतिहास उभा आहे. तो कोणत्या क्रमाने वाचायचा तेवढे ठरवावे लागते.

मी भिंतीपासून सुरुवात करतो. मे महिन्यात तटाच्या सावलीतल्या बाजूवर काळपट, तपकिरी, खरखरीत पुटे दिसतात. बोट फिरवले तर चुरा हाताला लागतो. पाहणाऱ्याला वाटते, वाळून गेलेली घाण आहे. त्या पुटावर ओंजळभर पाणी टाकावे आणि तिथेच उभे राहावे. काही क्षणांत आत वळलेली सुईएवढी पाने उलगडतात, पसरतात, आणि तपकिरीतून हिरवा रंग वर येतो. चुन्याच्या भिंतींवर सर्रास वाढणारे हायोफिला नावाचे मॉस हे असे करते. त्याच्या एका जातीचे नावच इन्व्होल्युटा, म्हणजे आत वळलेली पाने असणारी. हे उलगडणे पाहिले की वाहिनीहीन या शब्दाचा अर्थ पुस्तकाशिवाय कळू लागतो.

त्या पानाकडे नीट पाहू. मॉसचे पान बहुधा एकाच पेशीइतके जाड असते, मधली शीर तेवढी थोडी जाड. आपण ज्याला पान म्हणतो, आंब्याचे किंवा विड्याचे, त्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो, आत पेशींचे मजले असतात, श्वासाची सूक्ष्म छिद्रे असतात. मॉसच्या पानाला यातले काही नाही. पाणी त्याच्या पृष्ठभागावर आले की थेट पेशीत शिरते. मूळही नाही. खाली जे केसांसारखे तंतू दिसतात त्यांचे मुख्य काम भिंतीला धरून राहण्याचे. म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी नेण्याचा प्रश्नच या वनस्पतीने उभा राहू दिलेला नाही. तिला पाणी सगळ्या अंगाने मिळते, आणि सगळ्या अंगाने ते निघूनही जाते.

म्हणून ती बुटकी असते. बोटाच्या पेराहून उंच झाली तर शेंड्याच्या पेशींपर्यंत ओल पुरेशी पोचायची नाही. बुटकेपण हा तिच्या बांधणीचा हिशेब आहे. आणि म्हणूनच ती घोळक्याने वाढते. रोपाला रोप चिकटून असले की मधल्या फटींत पाणी केशाकर्षणाने धरले जाते. जी नळी एका रोपाच्या अंगात नाही, तिचे थोडेसे काम शेकडो रोपे मिळून आपल्या मधल्या जागेत करतात. मॉसचे एकटे रोप सुटे काढून भिंगाखाली पाहणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने ते समजत नाही. ते वाचायचे तर गादीसकट वाचावे लागते.

पावसाळ्यात याच गादीतून बारीक दांडे वर येतात, टोकाला बोंडासारखी पेटी. आत बीजाणू. इथे या वनस्पतीच्या आयुष्यातली सर्वांत नवलाची गोष्ट आहे. खालचे हिरवे रोप ही एक पिढी आणि वरचा दांडा ही दुसरी पिढी, आईच्या अंगावरच उभी, तिच्याच अन्नावर जगणारी. खालच्या पिढीत गुणसूत्रांचा एकच संच, वरचीत दोन. दोन्हींच्या मध्ये एक ओली पायरी आहे. नर पेशीला दोन शेपट्या असतात आणि मादी पेशीपर्यंत तिला पोहतच जावे लागते. ते अंतर काही मिलिमीटरांचे असते, पण मध्ये पाण्याचा सलग पातळ थर हवा. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत तटावर जे घडते ते असे पोहणे आहे. बालभारतीच्या पुस्तकात या गटाला वनस्पतिसृष्टीतले उभयचर म्हटलेले आपण सर्वांनी वाचले आहे. त्या उपमेतला अर्थ या पायरीपाशी येऊन पटतो.

आता रेघ कोणी आणि कशी ओढली ते पाहू, कारण ती आज आहे त्या जागी पहिल्यापासून नव्हती. लिनियसने 1753 च्या ग्रंथात वनस्पती 24 वर्गांत मांडल्या त्या मुख्यतः फुलातल्या केसरांवरून. ज्यांना फूल दिसत नाही अशा सगळ्यांना त्याने शेवटच्या, चोविसाव्या वर्गात ठेवले: नेचे, मॉस, शैवले, कवके. दगडफुले आणि जमिनीला चिकटून वाढणाऱ्या रिक्सियासारख्या वनस्पती त्याने शैवलांतच धरल्या होत्या. या मांडणीत शिरगावच्या भिंतीवरचे नेचे आणि त्याच्या शेजारचे मॉस एका घरात, आणि ताड दुसऱ्या घरात. डोळ्यांना हे पटते. नेचे आणि मॉस दोन्ही हिरवे, दोन्ही ओलाव्यातले, दोन्ही बिनफुलाचे.

पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत माल्पिघी आणि इंग्लंडात नेहेमाया ग्रू यांनी खोडे आडवी कापून भिंगाखाली पाहिली होती आणि त्यांना आत नळ्या दिसल्या होत्या. ते ज्ञान वर्गीकरणात यायला शंभराहून अधिक वर्षे गेली. 1813 मध्ये जिनिव्हाच्या द कॉन्दोलने फुलाऐवजी खोडाच्या आतल्या रचनेला पहिला मान दिला. एका बाजूला वाहिन्या असलेल्या, दुसऱ्या बाजूला केवळ पेशींच्या. आणि नेचे उठून रेघेच्या पलीकडे, ताडाच्या बाजूला जाऊन बसले.

या एका हालचालीत मला या वर्गीकरणाचे सगळे सौंदर्य दिसते. फूल हा वनस्पतीच्या आयुष्यातला एक ऋतू आहे. पाण्याची ने-आण हा रोजचा प्रपंच आहे. द कॉन्दोलने ऋतू बाजूला ठेवून प्रपंच पाहिला. पुढे 1858 मध्ये नेगेलीने या वाहिन्यांच्या दोन ऊतींना आजची शास्त्रीय नावे दिली, ज्यांना आपण प्रकाष्ठ आणि परिकाष्ठ, किंवा शाळेच्या भाषेत जलवाहिन्या आणि रसवाहिन्या म्हणतो. 1883 मध्ये आयख्लरने पुन्हा फूल आणि बी यांवरून दोन मोठे भाग केले, आणि आपल्या नववीच्या पुस्तकातली मांडणी त्याच वळणाने जाते. त्यामुळे विद्यार्थ्याला दोन रेघा एकदम शिकाव्या लागतात, एक बियांची आणि एक वाहिन्यांची. नेचे बियांच्या रेघेच्या अलीकडे आणि वाहिन्यांच्या रेघेच्या पलीकडे पडते, आणि परीक्षेत मुले नेमकी तिथे अडखळतात. माझे मत असे की शिक्षकाने नेच्यापासूनच सुरुवात करावी. ज्याला नेचे कळले त्याला दोन्ही रेघा कळल्या.

आणि नेचे शोधायला तटापासून दूर जावे लागत नाही. चुन्याच्या सांध्यांतून टेरिस व्हिट्टाटा हमखास उगवते. लांब पाते, दोन्ही बाजूंना कंगव्यासारखी अरुंद पिसे, पिसांच्या कडेने खालच्या अंगाला बीजाणूंची तपकिरी किनार. ही चुना आवडणारी वनस्पती आहे, म्हणून कोकणातल्या जुन्या वाड्यांच्या, विहिरींच्या, देवळांच्या चुनेगच्ची भिंती हे तिचे माहेर. 2001 मध्ये फ्लोरिडात लाकडावर रासायनिक प्रक्रिया करणाऱ्या एका सोडून दिलेल्या जागेवर असे दिसले की हेच नेचे दूषित मातीतून आर्सेनिक शोषून पात्यात साठवते, इतर वनस्पती मरतील इतक्या प्रमाणात. या शोधाकडे वाहिनीच्या दृष्टीने पाहावे. मातीतले आर्सेनिक मुळाने घेतले आणि पात्याच्या टोकापर्यंत पोचवले, कारण मध्ये नळ आहे. ज्याला नळ आहे त्याला जमिनीच्या पोटातले मिळते, चांगले आणि वाईट दोन्ही.

नेच्याचा देठ ब्लेडने आडवा कापून साध्या भिंगातून पाहिला तरी मध्ये वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो. तोच वाहिन्यांचा जुडगा. त्यातल्या पाण्याच्या पेशींची कथा वाचताना मी दरवेळी थांबतो. ही पेशी लांबट होते, आपल्या भिंतींना आतून लिग्निनचे टणक लेप देते, आणि मग मरते. आतला जीवरस नाहीसा होतो. उरते ती पोकळ, टणक नळी, आणि पाणी जाते ते तिच्यातून. जिवंत असेपर्यंत ती पाणी नेण्याच्या खऱ्या कामाची नसते. झाड उंच उभे राहते ते अशा कोट्यवधी मेलेल्या पेशींवर. लिग्निन त्या नळीला दोन गुण देते. पाण्याच्या ओढीने ती आत चेपली जात नाही, आणि त्याच टणकपणामुळे खोडाला वजन पेलता येते. पाणी आणि उंची हे दोन प्रश्न एकाच पदार्थाने सोडवले गेले.

ओढीचे म्हणाल तर ती वरून असते. पानांतून वाफ निघून जाते तसतसे पाण्याचे अखंड सूत वर खेचले जाते, आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरतात की ते सूत तुटत नाही. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी 1894 मध्ये हे मांडले. शिरगावच्या ताडात कुठेही पंप नाही. ऊन आणि समुद्रावरचा वारा पाणी ओढतात.

ताडापाशी आलो आहोत तर रसवाहिनीची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण या पट्ट्यातले लोक ती चवीने ओळखतात. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर ताड आणि शिंदी हे संसाराला हातभार लावणारे वृक्ष. ताडी काढणारा ताडाच्या शेंड्यावर चढतो, फुलोऱ्याचा दांडा बांधतो, त्याचे टोक कापतो आणि खाली मडके लावतो. मग रोज त्या टोकाची पातळ चकती छाटतो, कारण जुनी जखम बुजते आणि धार थांबते. सकाळी उतरवलेला ताजा रस गोड, ती नीरा. ऊन चढेल तसा तो आंबतो, ती ताडी. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते. पानांनी उन्हात तयार केलेली, फळे पोसण्यासाठी फुलोऱ्याकडे पाठवलेली साखर वाटेत अडवून माणूस पितो.

यात शरीररचनेचा एक मोठा धडा आहे. दांड्यात दोन्ही वाहिन्या असतात, तरी मडक्यात पडतो तो रसवाहिनीतला रस. का? जलवाहिनीतले पाणी वरून खेचलेले असते. ती कापली की पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. रसवाहिनीत उलट स्थिती असते. पानाकडच्या टोकाला साखर भरली जाते, साखरेमागे पाणी शिरते, दाब तयार होतो आणि त्या दाबाने रस पुढे ढकलला जातो. जर्मनीच्या म्युंखने 1930 मध्ये या दाबाच्या प्रवाहाची मांडणी पूर्ण केली. ताडी काढणाऱ्याचा कोयता पिढ्यान्‌पिढ्या त्याच दाबावर चाललेला आहे. कापले तर एक वाहिनी हवा पिते आणि दुसरी रस देते, हा भेद दोन रंगांच्या आकृतीतून कधीच इतका स्पष्ट होत नाही.

ताडवर्गाच्या खोडाबद्दल आणखी थोडे. आंब्याच्या किंवा सागाच्या खोडात वाहिन्यांचे कडे असते, तिथे दरवर्षी नवे थर चढतात आणि खोड जाड होत जाते. ताडात तसे होत नाही. तोडलेल्या ताडाचा बुंधा पाहा. आरपार ठिपके विखुरलेले दिसतात, कडेला दाट, मध्ये विरळ. प्रत्येक ठिपका म्हणजे एक जुडगा. ताडाला नवे थर घालता येत नसल्यामुळे जे जुडगे सुरुवातीला बनले तेच त्याला मरेपर्यंत पुरवावे लागतात. रसवाहिनीच्या पेशी जिवंत असाव्या लागतात, म्हणजे शंभरीच्या ताडात तळाशी असलेल्या या पेशीही जवळपास तेवढ्याच वर्षांच्या. झाडांच्या दुनियेत इतकी वर्षे आपले मूळ काम करत राहणाऱ्या जिवंत पेशी फार थोड्या. 1965 मध्ये झिमरमन आणि टॉमलिन्सन यांनी एका छोट्या ताडवर्गीय झाडाच्या खोडाचे एकामागून एक काप घेऊन त्यांचा चित्रपट केला आणि पडद्यावर एकेक ठिपका कुठून कुठे सरकतो ते पाहिले. वरवर अस्ताव्यस्त वाटणारे ठिपके नियमाने आत-बाहेर जातात आणि बाहेर येताना पानाला एक फाटा देऊन पुन्हा वर चढतात, हे तेव्हा कळले.

आता तो वृक्ष, ज्याच्यासाठी जाणकार शिरगावला येतात. किल्ल्यापाशी फांद्यांचा ताड आहे, रावणताड. ताडाला फांदी नसते हे आपण गृहीत धरलेले असते, आणि इथे एका खोडाचे दोन, दोनाचे चार असे दुभागत गेलेले झाड प्रत्येक टोकाला पंख्यासारख्या पानांचा झुबका घेऊन उभे असते. शास्त्रीय नाव हायफिनी डायकोटोमा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, मुख्यतः गुजरात, दीव-दमण आणि उत्तर कोकणात हा आढळतो. आफ्रिकेतले त्याचे भाऊबंद डूम पाम या नावाने ओळखले जातात. आंब्याला फांदी फुटते ती पानाच्या बगलेतल्या डोळ्यातून. रावणताडात मात्र वाढीचे टोकच दोन सारख्या भागांत विभागते. दोन्ही टोके थोरली, धाकटे कोणी नाही.

हे पाहून झाल्यावर झाडाखालच्या ओल्या मातीकडे वाकावे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या चिकटलेल्या असतात. ती रिक्सिया, वाहिनीहीन, खोड नाही, पान नाही, नुसती चपटी पट्टी. ती पट्टीही दोन सारख्या भागांत फुटते, प्रत्येक भाग पुन्हा दोनांत, आणि असे करत गोल चकती तयार होते. एक झाड दुमजली घराहून उंच, दुसरी वनस्पती कागदाहून थोडी जाड. दोघांची वाढण्याची चाल एक. दोन सारख्या फाट्यांची ही चाल जमिनीवरच्या वनस्पतींत फार प्राचीन आहे. सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीच्या कुकसोनिया या चिमुकल्या वनस्पतीचे जीवाश्म पाहिले तर ती अशीच दुभागत जाते. तिला हे नाव 1937 मध्ये लँगने इझाबेल कुकसन या संशोधिकेच्या गौरवार्थ दिले. रावणताडाने ती जुनी चाल थेट वारशाने राखली असे मात्र समजू नये. ताडकुळात फांदी न फुटणे हेच सामान्य, आणि याने दुभागणे स्वतंत्रपणे मिळवले.

म्हणजे आकार फसवतो. सारख्या आकारावरून सारखे कूळ ठरवले तर रिक्सिया आणि रावणताड शेजारी बसतील. किनाऱ्यावरचे सुरू याचा दुसरा पुरावा. लांबून पाहणारा त्याला पाइन म्हणेल; सुयांसारखी झावळी, खाली लाकडी शंकू. जवळ जाऊन ती सुई ओढली तर सांध्यावर सुटते, आणि सांध्याभोवती बारीक खवले दिसतात. ते खवले हीच पाने, आणि सुई ही हिरवी डहाळी. तिच्या सांध्यांचे एक्विसेटम या सांधेदार वनस्पतीशी साम्य पाहून सुरूच्या शास्त्रीय नावात इक्विसेटिफोलिया आले. प्रत्यक्षात सुरू ना पाइनच्या कुळातला ना एक्विसेटमच्या. तो फुलणारा वृक्ष आहे, आणि त्याच्या लाकडात पाइनमध्ये नसलेल्या रुंद, एकमेकींना जोडलेल्या नळ्या आहेत. रूप तीन ठिकाणची साक्ष देते, आतली नळी एकच आणि खरी.

इथपर्यंत मी या विभागणीची स्तुती केली. तिच्यावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो मनापासूनचा आहे. तिची अर्धी बाजू अभावावर उभी आहे. वाहिनीवंत म्हणजे काय ते आपण सांगतो. वाहिनीहीन म्हणजे ज्यांच्यात ते नाही एवढेच म्हणतो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात नकळत एक जिना तयार होतो, खाली मॉस, वर ताड. या जिन्याने ग्रंथांचाही तोल बिघडवला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे ब्लाटर यांनी आल्मेडा यांच्याबरोबर 1922 मध्ये मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर पुस्तक लिहिले, 1926 मध्ये भारत आणि सिलोनच्या ताडवर्गावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याआधी कुक यांनी मुंबई इलाख्याच्या फुलझाडांचे खंड पुरे केले होते. मॉसच्या वाट्याला इतकी उस्तवार फार उशिरा आली. दाभाडे यांचा खंडाळा आणि महाबळेश्वर इथल्या मॉसवरचा ग्रंथ 1998 चा. रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच आस्थेने पाहणारे अभ्यासकही झाले. पुण्याचे त्र्यं. शं. महाबळे यांनी शेवाळी वनस्पतींच्या जीवनचक्रावर लिहिले, सह्याद्रीतल्या आयसोएटीस या नेच्याच्या भाईबंदाची नवी जात नोंदवली आणि ताडवर्गाच्या आतल्या रचनेवर वर्षानुवर्षे काम केले. माझ्या मते वर्गीकरण असे वाचावे, एका हाताने रेघ ओढत आणि दुसऱ्या हाताने तिच्या दोन्ही अंगांना स्पर्श करत.

शिवाय ती रेघ जवळून पाहिली तर जागोजागी पातळ आहे. पॉलिट्रायकम नावाच्या उंच मॉसच्या देठात मधोमध लांबट, मेलेल्या, पाणी नेणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्याभोवती अन्न नेणाऱ्या. फक्त त्यांच्या भिंतींना लिग्निनचा लेप नाही. नळी आहे, पण टणक नळी नाही. त्याच्याच कुळातले डॉसोनिया हे मॉस अर्धा मीटरही उंच होते. उलट बाजूने, स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावच्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या गारगोटीत किडस्टन आणि लँग यांना जी वनस्पती सापडली आणि जिला त्यांनी वाहिनीवंत ऱ्हायनियाची थोरली जात मानले, तिच्या पाण्याच्या पेशींना तो लेप नसल्याचे 1986 मध्ये डेव्हिड एडवर्ड्सने दाखवले. तिला ऱ्हायनियातून काढून अॅग्लाओफायटन हे नवे नाव द्यावे लागले. ती उभी राहत होती वाहिनीवंतासारखी आणि पाणी नेत होती मॉससारखे. रेघेवरच पाय ठेवून उभी असलेली ही वनस्पती मला या साऱ्या कथेतली सर्वांत मोलाची वाटते, कारण वाहिनी एका दिवसात आली नाही हे ती दाखवते. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांचा कलही असा आहे की मॉस, यकृतका आणि शृंगका हे तिन्ही वाहिनीहीन गट एकाच पूर्वजाचे वंशज आहेत आणि तो पूर्वज आजच्या मॉसइतका साधा नसावा. तसे असेल तर मॉस हे जिन्याच्या खालच्या पायरीवर अडकलेले नाही. त्याने वेगळी वाट धरली, काही गोष्टी टाकून दिल्या आणि ताडाच्या वंशाइतकेच दिवस काढले.

काय मिळवले त्याने? वाळण्याची ताकद. ताडाच्या नळीतले सूत एकदा सर्वत्र तुटले की ताड संपला. मॉस मे महिन्यात हवेइतके कोरडे होते आणि जूनमध्ये जागे होते. जगात मॉस आणि त्याच्या भाऊबंदांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि ध्रुवाजवळच्या उघड्या खडकांपासून शिरगावच्या तापलेल्या तटापर्यंत त्या पोचल्या आहेत त्या या कोरडे होण्याच्या बळावर.

मेणाचा थर आणि मूळ नसण्याला आणखी एक अंग आहे, आणि ते या भागात विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. शिरगावच्या उत्तरेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. मॉस आपले पाणी आणि क्षार मुख्यतः पावसातून आणि हवेतल्या धुळीतून घेते. जमिनीतले काय आहे ते ताड सांगेल, हवेत काय आहे ते मॉस सांगते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये ऱ्यूलिंग आणि टायलर यांनी मॉसमधल्या जड धातूंचे मोजमाप करून हवेतून पसरलेल्या शिशाचा आणि इतर धातूंचा माग काढला, आणि पुढे ही पद्धत युरोपभर वापरली गेली. महागडे यंत्र बसवता येत नाही अशा गावांत मॉसचे नमुने दरवर्षी ठरावीक भिंतींवरून घेणे फार खर्चाचे नाही. या भागातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी हे काम हाती घ्यावे असे मला फार वाटते. शिरगाव, माहीम, तारापूर, केळवे इथल्या किल्ल्यांचे तट एकाच किनाऱ्यावर ओळीने उभे आहेत, सगळे जुने, सगळे मॉसने मढलेले. मोजणीसाठी याहून चांगली मांडणी मुद्दाम करूनही साधली नसती.

किल्ल्याच्या डागडुजीतही ही रेघ कामाची आहे. तटाच्या सांध्यांत पिंपळ आणि वड रुजतात. त्यांना वाहिनी आहे, लिग्निन आहे, म्हणून त्यांची मुळे खोलवरचे पाणी शोधत दगडांच्या फटींत शिरतात, दरवर्षी जाड होतात आणि चिरे ढकलून बाहेर काढतात. ते लहान असताना मुळासकट काढले पाहिजेत, नुसते वरून छाटले तर पुन्हा फुटतात. मॉसचे तसे नाही. त्याचे तंतू पृष्ठभागाशी राहतात आणि चिरा हलवण्याची ताकद त्यांच्यात नाही. भिंत स्वच्छ दिसावी म्हणून मॉस तारेच्या घासणीने खरवडून काढण्यात चुन्याचा थरही निघून जातो. तिथे वेळ आणि पैसा घालवण्याआधी बुरुजांवरचे पिंपळ बघावेत.

जायचे तर जुलैच्या मध्यानंतर जावे, पाऊस थोडा थांबलेल्या सकाळी. दहा पट दाखवणारे साधे भिंग आणि एक ब्लेड पुरे. तटाचा सावलीतला भाग आधी पाहावा, मग सांध्यांतले नेचे, मग रावणताडाखालची माती, आणि शेवटी सुरूच्या बनात जावे. रिक्सिया ओली असतानाच पाहावी. दुपारी ऊन पडले की तिच्या कडा आत वळतात आणि दुभागणे नीट दिसत नाही.